एएमएल सॉफ्टवेअरची स्वतंत्र तपासणी कशी करायची: कोकणातल्या छोट्या बँकांसाठी

गेली काही वर्षं मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या छोट्या बँकांच्या एएमएल सिस्टीम, म्हणजे काळा पैसा बँकेतून पांढरा होऊ नये म्हणून संशयास्पद व्यवहारांवर अलर्ट देणारी सॉफ्टवेअर, तपासायचं काम करतोय. जाईन तिथे चहा यायच्या आत एकच ऐकायला मिळतं, सॉफ्टवेअर आहे, रोज अलर्ट येतात, आमचा माणूस रोज बघून क्लोज करतो. चांगलंच आहे. पण आलेले अलर्ट मी शेवटी बघतो. आधी शोधायचे ते अलर्ट जे यायला पाहिजे होते आणि आलेच नाहीत, कारण चुकीचा पैसा जात असेल तर तिथूनच जातो, आणि ती यादी कुठलंच सॉफ्टवेअर आपणहून काढून देत नाही, ती आपल्यालाच बसून बनवावी लागते. ती कशी बनवायची ते इथे लिहितोय, इंटर्नल ऑडिटमधल्या किंवा या कामात नव्याने आलेल्या कोणाच्याही उपयोगी पडावं म्हणून.

कायद्याचं आधी थोडक्यात. पीएमएलए हा मनी लाँडरिंग रोखणारा कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून. त्याखालच्या नियमांनी बँकेने दहा लाखांवरच्या कॅशचा रिपोर्ट म्हणजे सीटीआर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि संशयास्पद व्यवहाराचा एसटीआर संशयाची खात्री पटल्यावर विनाविलंब एफआययू-इंडियाला, म्हणजे असे रिपोर्ट घेणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आणखी दोन गोष्टी आहेत. ग्राहकाच्या रिस्क कॅटेगरीशी आणि प्रोफाइलशी न जुळणारा व्यवहार झाला की अलर्ट टाकणारं दणकट सॉफ्टवेअर पाहिजे, आणि कंप्लायन्सच्या कामाचं स्वतंत्र मूल्यमापन पाहिजे. पहिली गोष्ट बँकांनी विकत घेतली. दुसरीच्या नावाखाली कॉन्करंट ऑडिटर, म्हणजे चालू कामकाज तपासणारा, येतो, फॉर्म, पॅन, फोटो, सही तपासून जातो, पण सॉफ्टवेअरच्या पोटात काय चाललंय ते उघडून कोणी बघत नाही.

ते उघडून बघायची पद्धत काही नवीन नाही. अमेरिकेत फेडरल रिझर्व्ह आणि ओसीसी या बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांनी २०११ मध्ये मॉडेल रिस्कबद्दल, म्हणजे गणिती मॉडेल चुकण्याच्या धोक्याबद्दल, मार्गदर्शन काढलं, त्यातले तीन प्रश्न मी अजून वापरतो: विचार बरोबर आहे का, रोजचं चालणं बरोबर आहे का, आणि शेवटी निघालेला निकाल प्रत्यक्षाशी जुळतो का. ते मार्गदर्शन त्यांचं, आपल्यावर लागू नाही, पण प्रश्न कामाचे आहेत.

कोणी करायचं

ज्याने थ्रेशोल्ड, म्हणजे अलर्ट यायच्या मर्यादा, ठरवले त्याने नाही, जो अलर्ट क्लोज करतो त्याने नाही, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या व्हेंडरने तर अजिबात नाही. छोट्या बँकेत माणसंच आठ-दहा, तिथे अडचण होते हे मला माहिती आहे, एकच बाई प्रिन्सिपल ऑफिसरच्या, म्हणजे एएमएलची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली पण असतात आणि ऑडिटचे कागद पण त्याच करतात. अशा वेळी बाहेरचा सीए आणि त्याच्याबरोबर डेटाबेसमध्ये क्वेरी लिहिता येणारा एक माणूस, एवढी जोडी पुरते. फक्त रिपोर्ट थेट ऑडिट कमिटीकडे जाईल असं नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्या. मॅनेजरच्या टेबलावरून फिरून गेलेला रिपोर्ट मऊ होतो, हे मी स्वतः बघितलंय.

आणि नेमणूक झाली की पहिल्याच दिवशी मागायचे कागद: सगळ्या सिनारिओंची, म्हणजे अलर्ट कशावर टाकायचा त्या नियमांची, यादी, प्रत्येकाचा आत्ताचा थ्रेशोल्ड, तो कोणी कधी बदलला, का बदलला, बोर्डाच्या कुठल्या मीटिंगमध्ये मंजूर झाला. का बदलला याचं उत्तर बऱ्याचदा मिळतच नाही. मग तीच तुमची पहिली नोंद.

डेटा मोजा, सगळ्यात आधी

या टप्प्यावर मी निम्मा वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या खात्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, झालेला प्रत्येक व्यवहार एएमएल सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो का, हा साधा प्रश्न. तीन महिने निवडा, त्यातला एक मे असू दे. दोन्हीकडचे व्यवहार दिवसवार आणि ट्रान्झॅक्शन कोडवार मोजा, संख्या पण आणि रक्कम पण. काउंटरची कॅश, मशीनमधली कॅश, यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, चेक, सगळं वेगवेगळं मांडा. फरक एक रुपयाचा निघाला तरी कारण शोधा.

हे क्षुल्लक वाटत असेल तर दोन उदाहरणं देतो. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने कॅश भरायची हुशार मशीनं आणली, २०१२ मध्ये त्यात एक नवीन ट्रान्झॅक्शन कोड आला आणि तो रिपोर्टिंगच्या सिस्टीमला जोडायचा राहिला. २०१५ पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, मोठ्या कॅशचे ५३,५०६ रिपोर्ट उशिरा गेले, आणि बाकीच्या चुकांसह मिळून २०१८ मध्ये ७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. दुसरी टीडी बँक. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२४ मध्ये सांगितलं की २०१८ पासून एप्रिल २०२४ पर्यंत तिथल्या एकूण व्यवहारांतला ९२ टक्के भाग मॉनिटरिंगमध्येच नव्हता. सॉफ्टवेअर होतं, माणसं होती, अलर्ट पण येत होते, फक्त ते उरलेल्या ८ टक्क्यांवर येत होते.

आता आपल्याकडचं. इकडच्या एका बँकेत, नाव नको, पिग्मीचा घोळ सापडला. एजंट बाजारपेठेत फिरून दुकानदारांकडून रोजची कॅश गोळा करतो, संध्याकाळी बँकेत एकरकमी भरतो, आणि रात्री बॅचमध्ये ती दुकानदारांच्या पिग्मी खात्यांत वाटली जाते. सीबीएसला ही वाटणी ट्रान्सफर दिसते. म्हणजे जो दुकानदार रोज वीस हजार पिग्मीत टाकतोय, महिन्याला सहा लाख, त्याच्या नावावर एएमएलच्या दृष्टीने एक रुपयाही कॅश नाही. वर्षाने पिग्मी मोडली की पैसे सेव्हिंगला ट्रान्सफरनेच येतात, तिथेही कॅश नाही. त्या बँकेतले सगळे पिग्मीवाले प्रामाणिक निघाले, पण दरवाजा मात्र सताड उघडा होता. तुमच्या बँकेत पिग्मी असेल तर हे आजच बघा.

व्यवहारांनंतर ग्राहकांचा डेटा. व्यवसाय या रकान्यात किती टक्के लोक इतर आहेत ते काढा. उत्पन्न किती जणांचं शून्य आहे, जन्मतारीख किती जणांची १ जानेवारी १९०० आहे. प्रोफाइलच जर रिकामं असेल तर प्रोफाइलशी न जुळणारा व्यवहार सॉफ्टवेअर ओळखणार तरी कसं? आणि एकाच माणसाच्या दोन-दोन कस्टमर आयडी शोधा. आपल्याकडे सावंत हे नाव इंग्रजीत एकदा डब्ल्यूने लिहिलं जातं, एकदा व्हीने, वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं अक्षर, झाल्या दोन आयडी. पॅन, आधारचे शेवटचे चार अंक, मोबाइल नंबर, जन्मतारीख यांवर जुळवून बघा, सापडतात.

मग सीटीआर स्वतः काढा. सॉफ्टवेअरकडे न बघता सीबीएसच्या कच्च्या डेटावर आपली क्वेरी लिहा. एकच व्यवहार दहा लाखांच्या वर असेल तर तो येतोच, पण एकमेकांशी जोडलेले, प्रत्येकी दहा लाखांच्या आतले आणि महिन्यात मिळून दहा लाखांच्या वर जाणारे पण यायला हवेत. जमा वेगळी आणि काढलेली वेगळी धरा. एका आयडीत ६ लाख आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या आयडीत ५ लाख, मिळून ११, आणि सॉफ्टवेअरच्या सीटीआरमध्ये तो नाही, असं एकजरी सापडलं तरी ती गंभीर नोंद. तुमची यादी आणि एफआययूला गेलेली यादी शेजारी ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फरक समजावून घ्या, तुमचीच क्वेरी चुकली असेल असंही होतं, मान्य करून पुढे जा.

सिनारिओ कोकणाला बसतात का

व्हेंडर जे सिनारिओ देतो ते सगळ्या देशाला एकच. पुण्यातल्या बँकेला दिलेले तेच देवगडच्या ब्रांचला. म्हणून एक कोरा कागद घ्या आणि आपल्या पट्ट्यात पैसा कसा येतो ते आधी लिहा, सॉफ्टवेअर बाजूला ठेवून, आणि त्यासाठी ब्रांचमधल्या जुन्या कॅशियरशी बोला, त्याला सगळं माहिती असतं. आंब्याचा पैसा मार्च ते मे, वाशीच्या दलालाकडून ॲडव्हान्स कधी त्याच्याही आधी. काजूचा पैसा कारखान्यातून. मासळीचा हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या लिलावातून, तांडेल आणि खलाशांचे वाटे कॅशमध्ये. चिरेखाणीचा, वाळूचा, ट्रकवाल्यांचा. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमान्यांकडून. आखातात असलेल्या मुलाकडून घरी. तारकर्लीच्या होमस्टेचा डिसेंबर आणि मे मध्ये. आणि जमिनीचा, जो सगळ्यात मोठा, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, एकाच दिवशी सगळ्या भावकीच्या खात्यांत रक्कम पडते.

आता प्रत्येक ओळीसमोर लिहा, यात गडबड झाली तर ती कशी दिसेल आणि आपला कुठला सिनारिओ ती पकडेल. बऱ्याच ओळींसमोर काहीच लिहिता येणार नाही. जमिनीच्या बाबतीत तर नेहमीच. वीस हिस्सेदारांच्या खात्यांत पैसे आले आणि दोन दिवसांत अठरा जणांनी ते एकाच माणसाला परत पाठवले, तर नावं नुसती वापरली गेलीत का हा प्रश्न पडायला हवा, पण प्रत्येक खात्याची रक्कम वेगवेगळी बघणाऱ्या सिनारिओला हे दिसतच नाही. अनेकांकडून एकाकडे असा सिनारिओ असायला लागतो.

मासेमारीचं तसंच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. जुलैमध्ये ट्रॉलरच्या मालकाच्या करंट खात्यात मे सारखीच कॅश भरली जात असेल तर विचारायला हवं. उत्तर साधं असू शकतं, मागच्या सीझनची बाकी आली असेल, जुनी जाळी विकली असतील, बिगरयांत्रिक होडीवाल्यांना बंदी लागूच नसते. पण सॉफ्टवेअरने प्रश्न तरी विचारला पाहिजे, आणि वर्षभर एकच थ्रेशोल्ड असलेलं सॉफ्टवेअर तो विचारत नाही. उलट मे मध्ये ते प्रत्येक बागायतदारावर ओरडतं, दोनशे अलर्ट आले की बघणारा माणूस थकतो, हंगामी उत्पन्न असं लिहून धडाधड क्लोज करतो, आणि त्या दोनशेत एखादा खरा असेल तर तोही जातो. ज्यांनी आयुष्यभर कलमं वाढवली त्या माणसांच्या खात्यावर उगीच शंका घेतली जाते याचंही मला वाईट वाटतं. म्हणून बागायतदार, नौकामालक, होमस्टे असे वेगळे गट करा आणि प्रत्येकाला त्याच्या महिन्यांप्रमाणे मर्यादा द्या, अशी शिफारस मी हमखास करतो.

थ्रेशोल्ड बरोबर आहे का हे बघायची रीत अशी. समजा सेव्हिंग खात्यात महिन्याला ५ लाखांवर कॅश जमा झाली की अलर्ट येतो. मग ४ ते ५ लाखांमधली खाती काढा, म्हणजे रेषेच्या खालची, ज्यांच्यावर अलर्ट आलेला नाही. त्यातली तीस-चाळीस चिठ्ठ्या टाकून निवडा आणि अलर्ट आलाय असं धरून नीट तपासा, व्यवसाय, जुने व्यवहार, पैसा पुढे कुठे गेला. त्यात दोन-तीन खरंच संशयास्पद निघाली तर रेषा वर आहे, खाली आणा. एकही नाही निघालं तर रेषेच्या वरची, ५ ते ६ लाखांमधली बघा, तिथेही काहीच नसेल तर रेषा थोडी वर नेता येईल आणि माणसाचा वेळ वाचेल. पण वर नेताना कागदावर कारण लिहा, बोर्डाकडून मंजूर करून घ्या. अलर्ट फार येतात हे कारण चालत नाही. आणि ही परीक्षा मे ची वेगळी, जुलैची वेगळी घ्या. याशिवाय टेस्ट सर्व्हरवर खोटे व्यवहार टाकून बघा, ४९,००० च्या कॅशच्या दहा एंट्री दहा दिवसांत, पॅन टाळायला लोक पन्नास हजारांच्या आत भरत आलेत म्हणून. अलर्ट आला नाही तर सिनारिओ कागदावरच आहे. लाइव्ह सिस्टीमवर हे कधी करू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी परीक्षा, आणि हिला पैसे पण लागत नाहीत. बँकेकडे पोलिसांच्या आणि सायबर सेलच्या नोटिसांची फाइल असते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कोणीतरी फसवणुकीची तक्रार केली, पैसा आपल्या ब्रांचमधल्या खात्यात आला होता, लीन लावा, म्हणजे ती रक्कम अडवून ठेवा, असं पत्र येतं. गेल्या दोन वर्षांतली अशी सगळी खाती काढा. ही आपली गेलेली परीक्षा, उत्तरपत्रिकेसकट. प्रत्येक खात्यासाठी बघा, पत्र यायच्या आधी आपल्या सॉफ्टवेअरने अलर्ट दिला होता का? दिला असेल तर त्याचं काय केलं?

मी एकदा हे केलं तेव्हा एक कॉलेजच्या मुलाचं खातं निघालं. अकरा महिने खात्यात काही नाही, मग एका दुपारी देशभरातून यूपीआयने पंधरा-सोळा रकमा, तासाभरात एटीएममधून आणि पुढच्या खात्यांत सगळं बाहेर. अलर्ट शून्य. कारण त्या बँकेचे सगळे सिनारिओ कॅशचे होते आणि महिन्याच्या बेरजेवर चालायचे, इथे कॅश जमाच झाली नव्हती. कोणीतरी त्याला चार-पाच हजार देऊन एटीएम कार्ड आणि सिम घेतलं होतं. त्या पंधरा रकमा म्हणजे कुठल्यातरी पंधरा घरांतले पैसे होते, आणि या मुलाच्या मागे केस लागली ती वेगळीच. बंद पडल्यासारखं खातं अचानक जागं होणं, आलेला पैसा काही तासांत जाणं, एकाच मोबाइलवर किंवा पत्त्यावर अनेक खाती, असे सिनारिओ नसतील तर रिपोर्टमध्ये हे पहिल्या पानावर लिहा.

क्लोज केलेले अलर्ट

आता आलेल्या अलर्टकडे वळायचं. पन्नास क्लोज केलेले निवडा आणि क्लोज करणाऱ्याचा शेरा न वाचता स्वतः तपासा, मग शेरा वाचा. एकाच मिनिटात दहा अलर्ट क्लोज झालेत का ते वेळेच्या नोंदीत दिसतं. नेहमीचा व्यवहार हे दोन शब्द किती वेळा आहेत ते मोजा. आणि त्याच ग्राहकाचे आधीचे अलर्ट कोणी एकत्र बघितलेत का ते विचारा, कारण सुटा सुटा प्रत्येक अलर्ट निरुपद्रवी दिसतो. एसटीआरच्या फाइलमध्ये संशय कधी पक्का झाला ती तारीख असते का, हेही. ती तारीखच नसेल तर उशीर झाला का ते मोजणार कुठून?

इथे आपल्याकडची एक खरी अडचण आहे. ब्रांचमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात, क्लार्क आणि ग्राहक एकाच वाडीतले, एकाच पालखीला खांदा देणारे. अलर्टची चौकशी हेड ऑफिसने ब्रांचला मेल केली की संध्याकाळी ग्राहकाला कळतं, काय रे, तुझ्या खात्याबद्दल विचारत होते. एसटीआर होतोय हे ग्राहकाला कळू देणं कायद्यात बसत नाही. तेव्हा ब्रांचला प्रश्न कुठल्या भाषेत जातो, केवायसी अपडेट म्हणून जातो का सरळ अलर्टचा स्क्रीनशॉटच जातो, ते मेल मागवून वाचा. आणि तपासणी करताना तुम्हीही ग्राहकाला फोन करायचा नाही.

नावांच्या स्क्रीनिंगला जास्त वेळ लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या यादीतली काही नावं घ्या, त्यांची स्पेलिंग आपल्याकडे लिहितात तशी बदला, मोहम्मद किती तऱ्हांनी लिहितात बघा, आडनाव पुढे-मागे करा, मधलं नाव काढा, आणि टेस्टमध्ये टाका. तंतोतंत नाव जुळलं तरच पकडणारी सिस्टीम असेल तर लगेच कळतं. यादी शेवटची कधी अपडेट झाली ती तारीखही बघा, रोज बघायला हवी.

रिपोर्ट लिहिताना प्रत्येक नोंदीला चार गोष्टी द्या: काय सापडलं, किती खाती किंवा व्यवहार त्यात अडकलेत, कोण दुरुस्त करणार, कुठल्या तारखेपर्यंत. व्हेंडर करेल असं लिहू नका, बँकेतल्या माणसाचं नाव लिहा. पिग्मीसारखं काही सापडलं तर नुसतं पुढचं दुरुस्त करून भागत नाही, मागचे महिने परत चालवून बघावे लागतात, आणि त्यातून राहिलेला सीटीआर किंवा एसटीआर निघाला तर तो भरावा लागतो. बँकवाले इथे कचरतात, उशिरा भरला तर दिसेल म्हणून. भरलाच पाहिजे.

तपासणी वर्षातून एकदा धरा, आणि सीबीएस बदलला, दुसरी बँक विलीन झाली, यूपीआयसारखं नवीन काही सुरू केलं की वर्षाची वाट न बघता लगेच. दुरुस्ती झाली असं कळलं की कागदावर विश्वास ठेवू नका, तीच क्वेरी, तेच खोटे व्यवहार परत टाका. मी साधारण पावसाळ्यात रिपोर्ट देतो आणि पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात परत जातो, आंब्याचा सीझन नुकताच संपलेला असतो आणि बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात, दोन्हीकडचे आकडे एकदम बघायला मिळतात.